एका मण्याचं अंतर : पारा आणि सोनं



आज आम्ही एक असा प्रश्न घेतला आहे, जो बैठकीत मोठ्याने कुणी विचारत नाही. बैठक संपली, सतरंजी झटकली, की एखादी बाजूला घेऊन हळूच विचारते, "ताई, पाऱ्याचं सोनं होतं म्हणतात, खरं का हो?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. आपल्या अंगावरचं तोळा-दोन तोळे सोनं म्हणजे दवाखान्याची सोय, पेरणीचा आधार, लेकीच्या लग्नाची तजवीज. दारात एखादा माणूस येतो, बाटलीतला चकचकीत पारा दाखवतो आणि म्हणतो, "बाई, तुमचं एक तोळं द्या, विद्येने दोन करून देतो." तेव्हा पणाला लागतं ते हेच सोनं. "खोटं आहे, नादी लागू नका" एवढं सांगून आम्ही थांबू शकलो असतो. पण खोटं का आहे हे ज्या बाईला कळतं, ती दारातल्या माणसाला उलट प्रश्न विचारते. म्हणून आज थोडं खोलात जाऊ. अगदी पाऱ्याच्या कणाच्या पोटात जाऊ.

आणि जाता जाता एक नवलाची गोष्टही सांगू. शास्त्रज्ञांनी खरोखर सोन्याचा पारा केलेला आहे. हो, बरोबर ऐकलंत. सोन्याचा पारा!

माळेतले मणी

कुठलाही पदार्थ बारीक करत गेलं की शेवटी अणू उरतो. अणूच्या मधोमध एक घट्ट गाठ असते, तिला अणुकेंद्र म्हणतात. तिच्याभोवती इलेक्ट्रॉन नावाचे हलके कण असतात. ही गाठ किती लहान? पंधरा-सोळा गुंठ्यांचं शेत म्हणजे पाऱ्याचा अख्खा अणू मानला, तर त्याच्या मधोमध ठेवलेला मोहरीचा एक दाणा म्हणजे त्याचं केंद्र. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या मोहरीतच असतं.

या केंद्रात दोन जातींचे कण असतात. समजा, माळेत दोन रंगांचे मणी ओवलेत. लाल मणी म्हणजे प्रोटॉन आणि पांढरे मणी म्हणजे न्यूट्रॉन. दोघांचं वजन जवळजवळ सारखंच. आता नियम साधा आहे. पदार्थाचं नाव लाल मणी ठरवतात. लाल मणी ८० असतील तर तो पारा. ७९ असतील तर सोनं. ८२ असतील तर शिसं. रंग, चमक, पातळपणा, भाव, सगळं या मोजणीच्या मागून येतं.

पांढऱ्या मण्यांनी नाव बदलत नाही, फक्त वजन बदलतं. म्हणून एकाच पदार्थाचे कमी-जास्त वजनाचे अणू असतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. आपण त्यांना भावंडं म्हणू. आडनाव एक, वजनं वेगळी.

सात भावंडं

निसर्गातल्या पाऱ्यात अशी सात टिकाऊ भावंडं एकत्र नांदतात. लाल-पांढरे सगळे मणी मिळून जी संख्या होते, तिच्यावरून त्यांची ओळख सांगतात : १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४. सगळ्यांचा वाटा सारखा नाही. पारा-२०२ सगळ्यांत जास्त, शंभरात सुमारे तीस. पारा-१९८ शंभरात दहा. आणि पारा-१९६ तर हजारात जेमतेम दीड.

या सातांना 'स्थिर' म्हणतात. म्हणजे त्यांची गाठ आपणहून सुटत नाही, त्यांतून किरण बाहेर पडत नाहीत. आज जसा आहे तसाच तो कण आपल्या पणतीच्या पणतीच्या काळातही राहील. याउलट माणसाने तयार केलेली पाऱ्याची काही भावंडं अस्थिर असतात. पारा-२०३ घ्या. आज शंभर कण असतील तर सुमारे ४७ दिवसांनी पन्नास उरतात, आणखी ४७ दिवसांनी पंचवीस. निम्मं होण्याच्या या काळाला अर्धायुष्य म्हणतात.

आजच्या आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र आहे पारा-१९८. त्यात ८० लाल मणी आणि ११८ पांढरे. आता सोनं पाहा. सोन्याचा एकच स्थिर प्रकार आहे, सोनं-१९७. त्यात ७९ लाल आणि पांढरे ११८. पांढरे दोघांतही सारखेच! म्हणजे पारा-१९८ आणि सोनं यांच्यामध्ये फक्त एका लाल मण्याचं अंतर आहे.

इथेच मन पाघळतं. एकच मणी? मग काढून टाकला की झालं! तो काढता का येत नाही, ते पुढे बघूच. आधी या पारा-१९८ चा एक गुण सांगतो.

जोडीजोडीने नाचणारे

केंद्रातले हे मणी स्वस्थ बसलेले नसतात. प्रत्येकाची स्वतःभोवती एक प्रकारची गिरकी असते. आणि त्यांची खोड अशी, की एका रंगाचे दोन मणी जोडी जमवतात. एकीची गिरकी उजवीकडे, दुसरीची डावीकडे. जोडी जमली की दोघींच्या गिरक्या एकमेकींना फेडून टाकतात आणि बाकी शून्य उरते.

पारा-१९८ मध्ये लाल ८० म्हणजे ४० जोड्या आणि पांढरे ११८ म्हणजे ५९ जोड्या. एकटं कुणीच उरत नाही. त्यामुळे या केंद्राची एकूण गिरकी शून्य. पण पारा-१९९ मध्ये एक पांढरा मणी जोडीवाचून राहतो. त्या एकट्या गिरकीमुळे ते केंद्र इवल्याशा लोहचुंबकासारखं वागतं. पारा-२०१ चंही तसंच.

याचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल. उत्तर तुमच्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये आहे. त्या नळीत थोडासा पारा असतो. विजेच्या धक्क्याने पाऱ्याची वाफ उजळते आणि ठरावीक रंगांचा प्रकाश देते. त्यातला एक रंग स्वच्छ हिरवा. पण साध्या पाऱ्यात सातही भावंडं असतात. प्रत्येकाचा हिरवा अगदी किंचित वेगळा. शिवाय १९९ आणि २०१ यांच्या चुंबकपणामुळे त्यांचा हिरवा आणखी चिरला जातो. सात जणींनी सात सुरांत एकच ओवी म्हणावी तसं होतं. फक्त पारा-१९८ घेतला, तर एकच सूर लागतो. एकच, बारीक, रेखीव हिरवी रेघ.

शास्त्रज्ञांना हा एकच सूर हवा होता मापासाठी. तेव्हा जगाचा मीटर म्हणजे फ्रान्समध्ये जपून ठेवलेली धातूची एक पट्टी होती. पट्टी झिजू शकते, हरवू शकते. प्रकाशाची लाट झिजत नाही, आणि ती सगळ्या देशांत सारखीच. पारा-१९८ च्या हिरव्या प्रकाशाच्या सुमारे १,८३१ लाटा एकापुढे एक ठेवल्या की एक मिलिमीटर भरतो. अमेरिकेच्या मापनसंस्थेतले विल्यम मेगर्स यांनी हाच प्रकाश लांबीचं माप म्हणून घ्यावा, असा आग्रह धरला. पुढे १९६० साली निवड झाली ती क्रिप्टॉन नावाच्या वायूच्या प्रकाशाची, आणि १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. पण मापाच्या या शर्यतीत आपला पारा शेवटच्या काही जणांत होता.

सोन्याचा पारा

मग सात भावंडांतून एकट्या १९८ ला वेगळं कसं काढायचं? रसायनं सातांशीही जवळजवळ सारखीच वागतात, कारण आडनाव एकच. निवडणं फार कठीण. तेव्हा एक वेगळी वाट सापडली. सोन्यापासून सुरुवात करायची!

१९४० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात वीन्स आणि अल्वारेझ या शास्त्रज्ञांनी सोन्यावर न्यूट्रॉनांचा, म्हणजे मोकळ्या पांढऱ्या मण्यांचा, मारा केला. सोन्याच्या केंद्राने एक पांढरा मणी गिळला. ७९ लाल, ११९ पांढरे. हे झालं सोनं-१९८. पण ते अस्थिर. सुमारे २.७ दिवसांत त्यातले निम्मे कण बदलतात. एक पांढरा मणी लाल होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. आता मोजा. लाल ८०, पांढरे ११८. पारा-१९८ तयार! सोन्याचा स्थिर प्रकार एकच असल्यामुळे निघालेला पाराही जवळजवळ निव्वळ १९८ च. मेगर्स यांच्या दिव्यांसाठी नंतर हेच काम मोठ्या प्रमाणावर अणुभट्टीत करण्यात आलं.

आता हिशेब बघा. सोनं वजन करून घातलं ते किलोच्या मापात आणि पारा हाती आला तो मिलिग्रॅमच्या मापात. म्हणजे महाग वस्तूची स्वस्त वस्तू केली, तीही चिमूटभरसुद्धा नाही. त्यांना श्रीमंत व्हायचं नव्हतं, शुद्ध रंग हवा होता. सोनं आणि पारा यांची अदलाबदल माणसाने खऱ्या अर्थाने उपयोगात आणली ती अशी.

उलट जायचं तर

पाऱ्याकडून सोन्याकडे जाणं अशक्य आहे का? कणांच्या पातळीवर नाही. पारा-१९८ वर अतिशय वेगवान न्यूट्रॉन आपटला तर एक पांढरा मणी बाहेर उडतो आणि पारा-१९७ उरतो. तो अस्थिर. सुमारे ६४ तासांत त्यातले निम्मे कण स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन आत ओढून घेतात, एक लाल मणी पांढरा होतो, आणि सोनं-१९७ बनतं. दुसरी वाट पारा-१९६ ची. तो एक संथ न्यूट्रॉन गिळून १९७ होतो. पण तो पाऱ्यात आहेच किती? एक किलो पाऱ्यातला सगळाच्या सगळा १९६ बदलला, तरी हाती दीड ग्रॅमच्या आसपास सोनं.

यासाठी अणुभट्टी किंवा तशीच अवाढव्य यंत्रं लागतात, भोवती जाड भिंती लागतात आणि निघालेल्या मालातून किरण बाहेर पडत असतात. २०२५ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने पारा-१९८ पासून सोनं करण्याचा आराखडा मांडला, तो संलयन भट्टीसाठी. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते, त्या तत्त्वावर चालणारी ही भट्टी. अशी भट्टी लावून वीज विकणारं केंद्र जगात अजून एकही नाही. तेव्हा कुणी मोबाइलवर ती बातमी दाखवून "बघा, विज्ञानानेही मानलं" म्हणालं, तर त्याला विचारा, "बाबा, तुझी भट्टी कुठंय?"

चुलीची आग, सोनाराची ज्योत, तेजाब, जडीबुटी, गंधक, मंत्र, यांतलं काहीही त्या मोहरीपर्यंत पोचत नाही. आग आणि रसायनं फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात. केंद्रातला एक मणी उपटायला लागणारा जोर हा आगीत एका कणाच्या वाट्याला येणाऱ्या जोराच्या लाखो पट असतो. हिंगूळ पाहिलाय ना? लालभडक. तो पारा आणि गंधक यांचा बनलेला असतो. तापवला की पारा परत बाहेर येतो. लाल दिसला, पांढरा दिसला, काळा झाला, तरी आतले ८० मणी ८० च राहिले. लुगडं बदलावं तसा रंग बदलला, बाई तीच.

मुशीतली हातचलाखी

"पण ताई, आमच्या डोळ्यांदेखत पारा तापवला आणि मुशीत सोनं उरलं!" असं सांगणाऱ्याही भेटतात. डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नाही. लावलेला अर्थ खोटा आहे.

तापमापी फुटली आणि पारा अंगठीला लागला, तर अंगठी पांढरी पडते हे आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. पारा सोन्याला आपल्यात सामावून घेतो. थोडं सोनं पाऱ्यात विरघळवलं तर ते चक्क दिसेनासं होतं. बाटलीत फक्त चंदेरी पारा दिसतो. आता ती बाटली मुशीत रिकामी करून खाली आग घाला. पारा ३५७ अंशांना उकळतो. सोनं वितळायलाच १,०६४ अंश लागतात. म्हणजे पारा वाफ होऊन उडून जातो आणि आधीच लपवलेलं सोनं खाली उरतं. झालं नाही, उरलं! पहिल्या दिवशी गुंजभर सोनं असं 'करून' दाखवायचं, विश्वास बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी गंठण, बोरमाळ मागून घ्यायची.

अशा फसगतीत विद्वानसुद्धा सापडले आहेत. १९२४ साली बर्लिनचे प्राध्यापक अडोल्फ मीथं यांना पाऱ्याच्या दिव्यात सोन्याचे अंश मिळाले. पाऱ्याचं सोनं झालं, अशी बातमी जगभर पसरली. त्याच सुमारास जपानमध्ये नागाओका यांनीही तसाच दावा केला. मग फ्रिट्झ हाबर आणि इतरांनी अत्यंत काटेकोर तपासणी केली. निष्कर्ष असा, की सोनं नवं झालेलं नव्हतं, पाऱ्यात आणि उपकरणाच्या धातूत ते आधीपासूनच अंशमात्र होतं. मीथं लबाड नव्हते. पण त्यांच्या कामाची तपासणी दुसऱ्यांनी केली, म्हणून खरं बाहेर आलं. दारातला माणूस मात्र तपासणीला कधीच तयार होत नाही. "कुणाला सांगू नका, विद्या जाते" असं म्हणतो, ते त्यासाठीच.

स्थिर म्हणजे सुरक्षित नव्हे

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नीट ऐका. पाऱ्याची सातही भावंडं स्थिर आहेत, किरण सोडत नाहीत, असं आम्ही म्हटलं. त्याचा अर्थ पारा निरुपद्रवी आहे असा मुळीच घेऊ नका. पाऱ्याचं विष केंद्रात नसून बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे होणाऱ्या रासायनिक क्रियांत आहे. आणि स्थिर असल्यामुळेच तो कधी संपत नाही. मातीत, पाण्यात गेला की तिथेच फिरत राहतो.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नाही. श्वासातून आत गेली की ती बहुतांशी शरीरातच राहते. मेंदू आणि मूत्रपिंड यांना इजा करते. हात कापणं, झोप न लागणं, चिडचिड, विसराळूपणा ही तिची लक्षणं. एकदम जास्त वाफ गेली तर खोकला, धाप, छातीत दुखणं, आणि जीवही जाऊ शकतो. गरोदर बाईकडून ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली तो आजार उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाने पुढे पाऱ्याचा वापर कमी करण्याचा जागतिक करार झाला आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली.

म्हणजे बंद खोलीत पारा तापवणारा माणूस तुमचं सोनं तर नेतोच, वर घरात विषही ठेवून जातो. तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- घरात पारा कधीही तापवू नका, कुणाला तापवू देऊ नका.
- तापमापी फुटली तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या-दारं उघडा, हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा.
- केरसुणीने झाडू नका, त्याने थेंब फुटून पसरतात. दोन जाड कागदांनी थेंब गोळा करा, थोडं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि आरोग्य केंद्रात विचारा. मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.
- पांढरी पडलेली अंगठी घरी विस्तवावर धरू नका. सोनाराकडे द्या आणि पारा लागलाय हे त्याला आधी सांगा.
- वाफ गेल्याची शंका आली तर लगेच दवाखाना गाठा.

दारात कुणी आलं तर

सोनं दुप्पट करणारा, पाऱ्याची विद्या सांगणारा कुणी आला तर एकटीने बोलू नका. शेजारणीला, गटाच्या अध्यक्षांना हाक मारा. दागिना हातात देऊ नका, बघायलासुद्धा नाही. पोलिसांचा क्रमांक ११२. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

आणि जिचं सोनं गेलंच असेल, तिला नावं ठेवू नका. लाजेने ती गप्प बसली की तोच माणूस पुढच्या गावात जातो. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायला दोघी-तिघी निघाल्या, तर तक्रार लिहून घेतली जाते आणि तिलाही बळ येतं.

गटात करून बघा

पुढच्या बैठकीत दोन रंगांचे मणी आणा. सगळे १९८ ओवायला वेळ लागेल, म्हणून दहा-दहांच्या सरी करा. लाल आठ सरी. पांढऱ्या अकरा सरी आणि वर आठ मणी. हा झाला पारा-१९८. आता एक लाल मणी काढा आणि विचारा, हे काय झालं? मग सगळ्या मिळून बोला : हा मणी खऱ्या केंद्रातून काढायला काय लागतं? ते दारातल्या माणसाच्या पिशवीत मावेल का?

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. तुमचे प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर सोनं सांभाळा आणि एकमेकींना सांभाळा. नमस्कार.